पंपघरातला राजमहाल

पेडणे महालातील एका लग्नात, दुसऱ्या पंगतीची वाट पाहत मंडपाच्या कडेला बसलो असता, शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी मोठ्या आस्थेने माझ्या उद्योगाची चौकशी केली, आणि कारखान्यांतील व जलयोजनांतील नियंत्रणयंत्रणेसाठी ऑपरेटरसमोरच्या स्क्रीनची रचना करणारा इसम असे लांबलचक उत्तर देण्याचा कंटाळा आल्यामुळे मी एवढेच म्हणालो, की मी पडदे करतो. हे उत्तर इतरत्र दिले असते तर मला खिडक्यांची मापे घ्यायला बोलावणे आले असते. परंतु पेडणे आणि डिचोली हे महालच असे, की देवळाच्या उत्सवाला नाटक झाले नाही तर खुद्द देवालाही उत्सव झाल्यासारखा वाटत नाही, आणि त्यामुळे गृहस्थांच्या मुद्रेवर एकदम आदर उमटला. "रस्ता, जंगल की राजमहाल?" त्यांनी जाणकाराच्या थाटात विचारले. "बहुतेक राजमहालच," मी म्हणालो. आणि शब्द तोंडातून निघून गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की आपल्या व्यवसायाविषयी इतके खरे आपण आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो.

कारण ज्या पंपघरासाठी मी माझा पहिला पडदा रंगवला, तिथे राजमहालाची गरज कुणालाच नव्हती. त्या पंपघराचे नावगाव सांगून मी कुणाची पंचाईत करणार नाही. उत्तर गोव्यातल्या कोणत्याही पंपघरासारखे ते होते, एवढे पुरे. या बाजूच्या माणसाला नळाचे पाणी कुठून येते हे ढोबळ मानाने ठाऊक असते: महाराष्ट्र आणि गोवा यांनी १९९० च्या करारान्वये संयुक्तपणे हाती घेतलेल्या तिळारी प्रकल्पाचे धरण दोडामार्गात, तिथून कालवे सीमा ओलांडून खाली उतरतात, पेडण्याचे पाणी चांदेलला शुद्ध होते, आणि कालवा रुसला की डिचोली महालातल्या आमठाण्याच्या धरणाची आठवण होऊन अस्नोड्याच्या केंद्राची तहान तिकडून भागवली जाते. परंतु या सर्व सरंजामाच्या शेवटच्या टोकाला, रात्री दोन वाजता, लाकडी खुर्चीवर टॉवेल टाकून एक मनुष्य बसलेला असतो आणि तो काय पाहत बसलेला असतो, याचा विचार नळ सोडणारा करीत नाही. आणि माझ्यासारखा पडदे रंगवणाराही, हे कबूल करताना लाज वाटते, पुष्कळ वर्षे करीत नव्हता.

आमच्या पंपघरातल्या त्या मनुष्याला सारे जण मास्तर म्हणत. ते कोणत्याही शाळेत शिकवीत नसत. गावच्या उत्सवी नाटकाच्या तालमी ते घेत, म्हणून मास्तर. माझा पडदा येण्यापूर्वी त्यांच्यासमोर पत्र्याचे एक पुरुषभर उंचीचे कपाट होते, ज्याच्या दर्शनी भागावर चार पंपांचे चार अँपिअरमापक, त्यांखाली दिव्यांच्या रांगा, दाबाचे एक घड्याळासारखे यंत्र आणि दिवसभरात एक फेरी पुरी करणाऱ्या कागदाच्या चकतीवर शाईने रेघ ओढणारी लेखणी, एवढा मजकूर होता. मास्तर या कपाटाकडे फारसे पाहत नसत. ते ऐकत. तिसऱ्या पंपाच्या बेअरिंगमध्ये कुरकुर सुरू झाली की चहाचा पेला खाली न ठेवता ते म्हणत, "तिसऱ्याचा आवाज बसला," आणि गवयाचा आवाज बसल्यावर त्याला विश्रांती द्यावी तशी ते त्या पंपाला विश्रांती देत.

त्या कपाटाचा एकच दोष मला प्रथमदर्शनी दिसला, आणि तो रंगांचा होता. आपल्याकडील मोटारींच्या पॅनेलवर चालू करण्याचे बटण हिरवे असते, आणि ते दाबले की दिवा लागतो तो लाल. याचा उगम असा, की वीजवाल्यांच्या शास्त्रात लाल म्हणजे जिवंत, अर्थात हात लावू नका. हिरवे म्हणजे मृत, अर्थात खुशाल हात लावा. तर पाण्याच्या आणि रसायनांच्या धंद्यातल्या पुष्कळ मंडळींच्या मते हिरवे म्हणजे चालू व लाल म्हणजे बंद. ही दोन्ही दर्शने स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. परंतु पंपघर हे असे स्थान, की जिथे विजेचा संसार आणि पाण्याचा संसार एकाच छपराखाली नांदतो, आणि माझ्या स्क्रीनवर चालता पंप लाल दाखवावा की हिरवा या प्रश्नावर तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत विद्युत शाखेने सांगितले, की चालता पंप हिरवा दाखवल्यास एखाद्याचा जीव जाईल. दुसऱ्या बैठकीत यांत्रिक शाखेने सांगितले, की तो लाल दाखवल्यास साहेब आल्यावर सगळेच बिघडले आहे असे दिसेल. तिसऱ्या बैठकीत एक कनिष्ठ अभियंता, जो तोवर फक्त वडे खात होता, दबक्या आवाजात म्हणाला, की त्याला लाल आणि हिरवा यांतला भेद जन्मतःच नीटसा कळत नाही. आणि सभा गंभीर मौनात बरखास्त झाली. काही पुरुषांच्या डोळ्यांची घडणच अशी असते, हे वैद्यकाच्या पुस्तकात पहिल्यापासून छापलेले आहे, परंतु आमच्या दप्तरात त्याची नोंद त्या दिवशी प्रथम झाली. मी मधला मार्ग काढून चालता पंप निळा केला. निळा कुणालाच नको होता. आणि ज्याला दोन्ही पक्षांचा सारखाच विरोध, तो ठराव आपल्याकडे सहज मंजूर होतो.

त्यानंतर मात्र मला कुणी आवरले नाही. पंप मी असे काढले, की त्यांच्या पोलादी पोटावर सूर्यकिरण चमकावे. पाइपांतून पाणी वाहताना दिसावे म्हणून त्यांत बाण धावत ठेवले. टाकीत निळ्या लाटा उसळवल्या. पंख्यांची पाती फिरवली. आणि सर्वांच्या पाठीमागे, जागा रिकामी वाटू नये म्हणून, तेरेखोलच्या समुद्राची आठवण व्हावी अशी एक फिकट पार्श्वभूमी सोडली. उद्घाटनाला नारळ फुटला, पडद्यावरचा पडदा बाजूला झाला आणि उपस्थितांच्या तोंडून जो उद्गार निघाला, तसा केवळ आतषबाजीच्या वेळी निघतो. मास्तर मागे उभे होते. "कसा वाटला?" मी विचारले. "पडदा उत्तम," ते म्हणाले, "पण पात्रं दिसत नाहीत."

पहिल्या पावसानंतर तिसऱ्या रात्री त्यांचा फोन आला. दोन वाजले होते. "साहेब, शुद्ध पाण्याच्या टाकीत बेचाळीस मीटर पाणी आहे," ते म्हणाले. मी अंथरुणात उठून बसलो. "टाकीची उंची पाच मीटर," त्यांनी शांतपणे पुढे सांगितले, "वरचं सदतीस मीटर कुठं ठेवू, ते विचारायला फोन केला." वस्तुस्थिती अशी होती, की पहिल्या सरींबरोबर जमिनीतून जी पंखवाली पाखरे उसळून वर येतात, त्यांना त्या रानात सर्वांत तेजस्वी वस्तू म्हणजे माझा स्क्रीन वाटला होता आणि ती शेकड्यांनी त्यावर विराजमान झाली होती. पडद्यावरचा आकडा होता ४.२०. मी सौंदर्यदृष्टीने अगदी नाजूक काढलेला दशांशबिंदू फिकट समुद्रात बुडाला होता आणि दोन व शून्य यांच्यामध्ये एक पाखरू बिंदूसारखे बसले होते. मास्तरांना खरी पातळी ठाऊक होती, कारण काठीवर खुणा केलेली एक मोजपट्टी ते अजून बाळगून होते. फोन त्यांनी मला केला तो माहितीसाठी नव्हे.

या क्षेत्रातल्या विद्वानांचे ग्रंथ मी त्यानंतर वाचले. आधी वाचायला हवे होते, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्यांतला मुख्य सिद्धांत इतका अरसिक आहे, की कोणत्याही नाटकमंडळीने तो हाकलून लावला असता: सर्व काही ठीक चालले असेल तेव्हा पडदा मळकट करडा असावा, पंप करडे, पाइप करडे, पाणीही करडे, रंग फक्त बिघाडाला द्यावा, म्हणजे बिघाड झाला की डोळा आपोआप तिथे जाईल. आकडा एकटा कधी दाखवू नये. त्याच्या शेजारी त्याची मर्यादा दाखवावी. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते. पण नुसते '३.८' असे सुंदर अक्षरांत लिहिल्याने रात्रपाळीच्या मनुष्याला त्याने खूश व्हावे की चिंतातुर, हे समजत नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या स्वयंचालनतज्ज्ञांच्या संस्थेने आयएसए-१०१ नावाची संहिताच या विषयावर प्रसिद्ध केली. माझा राजमहाल तोवर रंगून झाला होता, ही माझी एकमेव सबब.

अलार्मचे प्रकरण याहून वेगळे, आणि ते समजण्यासाठी ग्रंथांपेक्षा देऊळ अधिक उपयोगी पडते. आमच्या भागात गाऱ्हाणे घालताना एक जण सविस्तर मजकूर सांगत जातो आणि भोवतालची मंडळी प्रत्येक वाक्यानंतर 'व्हय म्हाराजा' म्हणत जातात. त्यांतल्या निम्म्यांना मधल्या वाक्यात काय होते ते विचारले तर सांगता यायचे नाही, आणि त्यांनी सांगावे अशी देवाचीही अपेक्षा नसते. अलार्मचेही तसेच होते. पूर्वीच्या कपाटात एक अलार्म वाढवायचा म्हणजे एक दिवा, एक तार आणि एक भोक लागे, म्हणून तो वाढवण्यापूर्वी मनुष्य विचार करी. स्क्रीनवर अलार्म फुकट असतो. मी चार पंपांसाठी दोनशेहून अधिक अलार्म ठेवले होते. पंप बंद झाला की एक, दाब उतरला की दुसरा, प्रवाह थांबला की तिसरा, आणि पंप, दाब व प्रवाह तिन्ही बंद असल्याची वर्दी देणारा चौथा. भोंगा वाजे, मास्तर बटण दाबत. पुन्हा वाजे, पुन्हा दाबत. "काय होतं?" असे मी एकदा विचारले, तर बटणावरचे बोट न काढता ते म्हणाले, "व्हय म्हाराजा." पुढच्या भेटीत भोंग्याच्या तोंडात टॉवेल कोंबलेला आढळला.

हे केवळ आमच्याच रानात घडते असे समजू नये. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, त्यापूर्वीच्या अखेरच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले, म्हणजे सरासरी अडीच सेकंदांना एक. इतक्या वेगाने 'व्हय म्हाराजा' म्हणणारा गावकरी अद्याप जन्मायचा आहे. पुढे इंग्लंडमधील अभियांत्रिकी सामग्री वापरणाऱ्यांच्या संस्थेने मार्गदर्शिका काढली आणि सर्वसाधारण दिवशी ऑपरेटरला दहा मिनिटांत एकाहून अधिक अलार्म येऊ नये, असे तीत सुचवले. हा नियम घराघरांतून लागू झाला तर संसार किती सुखाचे होतील, हा विचार त्यांच्या कार्यकक्षेबाहेरचा असावा.

परंतु सर्व दाखल्यांत मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो तो अमेरिकेतील थ्री माइल आयलंडचा, कारण तो अणुभट्टीचा असूनही एखाद्या मामलेदार कचेरीतला वाटतो. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तिथे दाब सोडण्यासाठी उघडलेली एक झडप मिटण्याच्या वेळी मिटली नाही. परंतु नियंत्रणकक्षातला तिचा दिवा मात्र विझला, आणि दिवा विझला म्हणजे झडप मिटली, असे ऑपरेटरांनी मानले. तो दिवा वस्तुतः झडप मिटली की नाही हे सांगत नव्हताच. झडपेला मिटण्याचा हुकूम सुटला, एवढेच सांगत होता. ज्याने आयुष्यात कधी सरकारी कचेरीत अर्ज दिला आहे, त्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. हुकूम जावक-बारनिशीत नोंदला गेला म्हणजे अंमल झाला असे आपण मानीत नाही. अंमलाचा दाखला वेगळा मागतो. अमेरिकेतल्या त्या बुद्धिमान मंडळींना मात्र, कचेऱ्यांचा पुरेसा अनुभव नसल्यामुळे म्हणा, दोन तासांहून अधिक काळ पाणी उघड्या झडपेतून जात आहे हे उमगले नाही, आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. मी हे वाचून घाईघाईने माझा पडदा तपासला. माझे चारही व्हॉल्व्ह हुकूम सुटताच मिटल्यासारखे दिसत होते. ते खरोखर मिटल्याची खबर आणणारी तारच कुणी ओढली नव्हती.

या बाबतीत आमच्या देवळांतली कौल लावण्याची पद्धत मला अत्यंत शास्त्रशुद्ध वाटते. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात, आणि उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. रंग नाही, भोंगा नाही, लाटा नाहीत. आणि मुख्य म्हणजे जी पाकळी पडताना दिसते ती खरोखरच पडलेली असते. नाहीच पडली तर, अद्याप उत्तर नाही, हेही स्पष्ट कळते.

ही तिसरी अवस्था, म्हणजे उत्तर न येण्याची, माझ्या पडद्याला ठाऊकच नव्हती, आणि तिचा उपद्रव सुरू झाला तो पडदा मोबाइलवर आणण्याचे फर्मान निघाले तेव्हा. वरिष्ठांना पंप खिशात हवे होते. एकच पडदा पंपघरातल्या मोठ्या स्क्रीनवर, साहेबांच्या टॅब्लेटवर आणि तळहाताएवढ्या फोनवर आपापल्या मापाने बसावा, अशी जी रचना असते तिला आमच्या धंद्यात रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. शिंप्याच्या भाषेत सांगायचे तर तिघा भावांना एकाच कापडात सदरे. फोन उभा धरला की चार पंप एकाखाली एक उभे राहिले, आणि चौथा काचेच्या खाली निघून गेला. दुसऱ्या दिवशी पणजीहून विचारणा आली, की मंजूर पंप चार असता जागेवर तीनच कसे, याचा खुलासा करावा. फोन आडवा धरला की पंप आले, परंतु पाइप मधोमध तुटले आणि शुद्ध पाणी तुरटीच्या टाकीकडे परत निघाले. बटणे तर अशी लहान झाली, की एक थोर अधिकारी भजनाच्या वेळी घड्याळ पाहण्यासाठी फोन काढतात आणि त्यांच्या अंगठ्याखाली दुसरा पंप बंद होतो, असाही प्रसंग एकदा उद्भवला. तेव्हापासून फोनवरून फक्त पाहावे, हात लावू नये, हा देवळातल्या गाभाऱ्याचा नियम मी लागू केला. पंपघरातल्या स्पर्शाच्या काचेचा न्याय उलटा होता: पावसाळ्यात मास्तरांची बोटे ओली असत, काच त्यांना ओळखत नसे, आणि पेनाच्या टोपणापासून चमच्यापर्यंत सर्व उपाय करून झाल्यावर मी सुपारीएवढी बटणे लाडवाएवढी केली.

पण उत्तर न येण्याविषयी सांगत होतो. आमच्या डोंगरकपारीत फोनची रेंज ही पाहुण्यासारखी असते. येते तेव्हा आनंद, जाते तेव्हा सांगून जात नाही. एका सायंकाळी वरिष्ठांचा मला अभिनंदनाचा फोन आला, की टाकीची पातळी सलग पाच तास ३.६५ वर स्थिर राखल्याबद्दल त्या ऑपरेटरचा गौरव झाला पाहिजे. पाच तास पातळी हलली नव्हती, कारण पाच तास रेंज नव्हती. पडदा दुपारचाच आकडा ताज्या आकड्याच्या ऐटीत मिरवीत होता. कालच्या वर्तमानपत्रावर निदान कालची तारीख असते. शिळा आकडा पुसट करून त्यापुढे वेळ घालायला मला अर्धा दिवस लागला; गौरवपत्र मात्र तोवर रवाना झाले होते आणि मास्तरांनी ते चौकटीत बसवून भोंग्याच्या जागी लावले.

अखेरीस मी राजमहाल उतरवला. लाटा गेल्या, समुद्र गेला, अलार्म चाळणीतून काढता काढता एकोणीस उरले, आणि उरला तो पावसाळ्यातल्या आभाळासारखा करडा पडदा, ज्यावर काहीही घडत नव्हते आणि म्हणूनच सर्व ठीक होते. मास्तर त्याच्यासमोर निश्चिंतपणे संवाद पाठ करीत बसू लागले. अधूनमधून मान वर करीत, करड्यात करडे पाहत आणि पुन्हा खाली घालीत. परंतु तपासणीला आलेल्या मंडळींनी दारातूनच विचारले, "बंद पडलाय का?" सर्व यथास्थित असल्याचे मी सांगितले, पण त्यांची मुद्रा खुलली नाही, खर्च झालेल्या पैशाचे काही दिसत नाही, असा शेरा पडला. तेव्हा प्रवेशद्वाराजवळच्या खोलीत पाहुण्यांसाठी एक मोठा टीव्ही बसवण्यात आला आणि माझा जुना राजमहाल त्यावर पुन्हा उभारण्यात आला: चमकते पंप, धावते बाण, निळ्या लाटा, मागे समुद्र. तो कशालाही जोडलेला नाही. पाहुणे त्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात.

गेल्या उत्सवाच्या आधी मास्तरांनी रीतसर अर्ज केला, की यंदाच्या नाटकात दुसऱ्या अंकाला समुद्रकिनाऱ्याचा प्रवेश असून मंडळाकडे समुद्राचा पडदा नाही, सबब प्रवेशद्वाराजवळचा टीव्ही एका रात्रीपुरता मिळावा. अर्जाच्या कडेला साहेबांची स्वाक्षरी आहे आणि तिच्यावर एक शब्द: 'पाहिले'.